यादीतली सातवी जागा

अंबरनाथ पूर्व
१७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय हरिचंद्र भोईर सर,

आपली ओळख नाही. तुमचा पत्ता बदलापूरच्या संगीत मंडळाच्या दिवाळी अंकात मिळाला. तुमच्या लेखाखाली छापलं होतं, "मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा फोन करू नये, पत्र पाठवावं." मी सव्वीस वर्षांची आहे आणि हे माझं आयुष्यातलं पहिलं पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "कुरिअर नको का?"

मी तेजस्वी दळवी. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये नऊ मुलांना गिटार शिकवते. मी स्वतः बरीचशी मोबाईलवर बघून शिकले, त्यामुळे मी शिकवते म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवण्यातला प्रकार आहे. म्हणूनच तुमच्या यादीवर मी झडप घातली. "गिटार शिकणाऱ्यांनी ऐकावीत अशी सिनेमातली सात रेकॉर्डिंगं." पण सर, ही कसली नावं? छत्रीवालं, बोटीवालं, आंबेवालं, नोटिसवालं. इंटरनेटवर "छत्रीवालं" शोधलं तर मला छत्र्या विकायला आल्या. शेवटी आमच्या वर्गातल्या कीर्तीच्या आजोबांना विचारलं. त्यांनी तुमचे दोन शब्दांचे खुलासे वाचून चार गाणी ओळखली. ती ऐकतेय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, यादी सातची आहे आणि नावं सहाच. सातव्या आकड्यापुढे जागा रिकामी आहे. का?

दुसरी जरा घरगुती आहे. माझे बाबा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये शिलाई मशीन दुरुस्त करतात. स्वभावाने गरीब, मला कधी कशाला नाही म्हणाले नाहीत. गिटारसुद्धा त्यांनीच घेऊन दिली. पण मी ती पिशवीतून काढली की ते उठतात आणि "पान आणतो" म्हणून खाली जातात. बाबा पान खात नाहीत. सहा वर्षांत त्यांनी माझं एक गाणं पूर्ण ऐकलेलं नाही. २९ मार्चला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, इथल्या शाळेच्या सभागृहात आमच्या वर्गाचा कार्यक्रम आहे. मी एकटी वाजवणार आहे. त्या दिवशी बाबा खुर्चीत बसून राहावेत, एवढीच माझी इच्छा आहे. तुम्ही इतकी वर्षं लोकांना ऐकायला लावलंत. ज्याला ऐकायचंच नाही, त्याच्यासाठी काय वाजवावं?

तुमची,
तेजस्वी


मांजर्ली, बदलापूर पश्चिम
२८ नोव्हेंबर २०२४

तेजस्वी, तुला मनापासून आशीर्वाद.

अंक निघून महिना झाला. पत्रं आली दोन. एक विमा कंपनीचं आणि एक तुझं. त्यामुळे तुझं मी चार वेळा वाचलं. मला सर म्हणू नकोस. मी तीस वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवली, पण खुर्ची नेहमी मागच्या रांगेत. मागच्या रांगेतल्या माणसाला काका म्हणतात.

नावांचं कोडं सोपं आहे. आम्ही वाजवायचो तेव्हा सिनेमाला नावच नसायचं. प्रॉडक्शन नंबर अमुक. दिग्दर्शक सांगायचा, "ती छत्री उघडते, तिथे गिटार पाहिजे." झालं गाण्याचं बारसं, छत्रीवालं. पुढे सिनेमाला काय नाव लागलं, चालला की आपटला, याची आम्हा वाजवणाऱ्यांना पुष्कळदा खबरही नसायची. माझ्या कॅसेटी होत्या, त्या दोन हजार एकोणीसच्या पुरात उल्हास नदीने नेल्या. तळमजला होता आमचा. गिटार माळ्यावर होती म्हणून वाचली. आणि त्यानंतर दोन वर्षांत कान गेले. डॉक्टर म्हणतात, आतली नस शाबूत आहे, पण कानातली बारकी हाडं ताठलीत, त्यामुळे बाहेरचा आवाज आत पोचत नाही. ऑपरेशन या वयात नको म्हणाले. मशीन दिलंय. ते लावून गिटार ऐकली तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं, म्हणून ते खिडकीत ठेवलंय. तेव्हा ही यादी सगळी आठवणीतून केलेली आहे.

छत्रीवालं कसं ऐकायचं ते सांगतो. गिटार ऐकू नकोस. ती कुठे गप्प बसते ते ऐक. दुसऱ्या कडव्याआधी गाणारी बाई श्वास घेते, तिथे वाजवणाऱ्याने तारांवरून हात उचललाय. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं, पडद्यावर त्याचं नाव येणार नव्हतं, तरी त्याने त्या बाईच्या श्वासाला जागा करून दिली. मला गिटार म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो.

सातवं लिहिताना आठवलं नाही. म्हातारपण.

तुझ्या वडिलांबद्दल काय सांगू? माणूस उठून जातो तेव्हा दर वेळी कंटाळूनच जातो असं नाही. एवढंच.

हरिचंद्रकाका


अंबरनाथ पूर्व
१५ डिसेंबर २०२४

प्रिय काका,

श्वास ऐकू आला. मी रस्त्यात उभी राहिले. कारखान्यातून चालत येत होते, कानात ते गाणं, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधी अचानक गिटार नाहीशी झाली आणि बाईंनी श्वास घेतला. हे गाणं मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलं असेल. आजवर मला कुणीच सांगितलं नव्हतं की तिथे एक माणूस मुद्दाम थांबलाय.

काका, तुमचे उपकार कसे मानू कळत नाही, म्हणून उलटं काम करते. तुम्हाला ऐकू येत नाही ना, तर मी ऐकून कळवते. बोटीवाल्यात सुरुवातीला गिटार एकटी आहे, आणि डावा हात तारेवरून सरकताना बारीक चर्र असा आवाज येतो. तीनदा. तिसऱ्यांदा तो सुराच्या जरा आधी येतो, घाईत असल्यासारखा. आंबेवाल्यात दोन गिटार आहेत, एक उजव्या कानात आणि एक डाव्या. डावीकडची जरा मागे रेंगाळते. मला डावीकडची जास्त आवडली. नोटिसवालं मिळालं पण प्रिंट इतकी खराब आहे की पावसात वडे तळतायत असं वाटतं.

रविवारी वर्गात छत्रीवालं लावलं. कल्पेश म्हणून आठवीतला आहे, अख्खा वेळ जोरजोरात छेडणारा. मी सांगितलं, आज प्रत्येकाने एक जागा शोधायची, जिथे आपण वाजवायचं नाही. पोरं पहिल्यांदा एकमेकांचं ऐकायला लागली. कल्पेशची आई मला जिन्यात थांबवून म्हणाली, "मॅडम, ये घर पे भी शांत बैठने लगा, तबियत तो ठीक है ना?"

बाबा आजही पान आणायला गेले. तुमचं "कंटाळूनच जातो असं नाही" हे वाक्य मी डोक्यात घेऊन फिरतेय. मग कशासाठी जातात?

आणि सातवं? आठवलं का?

तेजस्वी


मांजर्ली
२४ डिसेंबर २०२४

चि. तेजस्वी,

आंबेवाल्यात डावीकडे मी आहे. रेंगाळत नव्हतो, दादरला पूल चढून धावत आलो होतो आणि दम लागला होता. पण तुला आवडलं ते मी घरात वाचून दाखवलं. आमची जनी, म्हणजे तुझी काकू, म्हणाली, "चाल, कुनाला तरी आवरला."

तू लिहिलेला तो चर्र आवाज मला वाचताना ऐकू आला. खरंच आला. तीन वर्षांनी मी बोटीवालं ऐकलं. पोरी, तुझे उपकार मोठे की माझे, याचा निवाडा आपण करत बसायला नको.

सातव्याला अंकात जागा कमी पडली. पान भरलं होतं.

हरिचंद्रकाका


अंबरनाथ पूर्व
५ जानेवारी २०२५

प्रिय काका,

नोव्हेंबरात तुम्हाला आठवत नव्हतं, डिसेंबरात पान भरलं. डिस्पॅचमध्ये माल का सुटला नाही याची रोज नवी कारणं मी ऐकते, त्यामुळे मला लगेच कळतं. शोधून काढलंय मी.

कुलूपवालं. बरोबर?

गिटारवाल्यांच्या एका ग्रुपवर विचारलं, हरिचंद्र भोईर यांनी काय काय वाजवलंय? तासाभरात पंचवीस उत्तरं, सगळी एकाच तुकड्याची. गाणं नाहीच ते, पार्श्वसंगीत आहे. बाप तुरुंगातून सुटून घरी येतो, दाराला कुलूप असतं, आणि तो पायरीवर बसून राहतो. दीड मिनिट संवाद नाही, फक्त गिटार. काका, लोक या आवाजावर भांडतायत. एक म्हणतो दोन गिटार आहेत, एक म्हणतो मागे संतूर आहे. नाशिकच्या एकाने चार गिटार बदलून बघितल्या, एकीतूनही तो आवाज निघत नाही. एकाने तुमची जुनी मुलाखत टाकली, त्यात तुम्ही म्हणालात, "थोडा प्रयोग केला." मला कळलं तुम्ही ती जागा का सोडलीत. स्वतःचं नाव स्वतः कसं लिहायचं, म्हणून. इतकं मोठं काम करून इतका साधेपणा. मला तुमचा फार अभिमान वाटला.

गंमत म्हणजे मी तो सिनेमा टीव्हीवर चार-पाच वेळा पाहिलाय, पण हा प्रसंग कधीच नाही. कुलूप दिसलं की बाबा टीव्ही बंद करायचे. आई म्हणायची, त्यांना रडकं बघवत नाही.

मला २९ मार्चला हेच वाजवायचं आहे. तो प्रयोग काय होता ते मला सांगाल?

आणि हो, बाबांचं एक सांगायचं राहिलं. गणपतीत आरतीच्या आधी मी गिटार जुळवत होते आणि खाली बेंजोवाले आले. काही म्हणजे काही ऐकू येईना. बाबा समोरून आले, त्यांनी स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि मग गिटारच्या वरच्या कडेवर. मी दात मिटून हनुवटी तिथे टेकवली आणि तार छेडली. अख्खी गिटार डोक्याच्या आत वाजली. बाहेरचा बेंजो गायब. मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" तर बाबा पान आणायला गेले.

शिलाई मशीनवाल्याला हे कसं माहीत असेल हो?

तेजस्वी


अंबरनाथ पूर्व
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय काका,

महिना उलटून गेला. तब्येत बरी आहे ना? मी काही जास्त बोलले असेन तर माफ करा. प्रयोग सांगायचा नसेल तर नका सांगू, मी दुसरं काही वाजवीन. फक्त दोन ओळी पाठवा.

तेजस्वी


मांजर्ली
१६ फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्वी,

तब्येत बरी आहे. माणूस बरा नाही. चार पत्रं लिहिली आणि फाडली. शेवटी जनी म्हणाली, "आता कवर गप रवाल? लिवून टाका सगला." म्हणून हे पाचवं.

तुझ्या वडिलांचं नाव हिरामण आहे. कॅम्प दोनमध्ये छापखान्याला लागून त्याचं दुकान होतं, आणि तेव्हा तो शिलाई मशीन नाही, गिटार, मेंडोलिन आणि पेट्या दुरुस्त करायचा. कल्याणपासून कर्जतपर्यंत त्याच्यासारखा हात नव्हता. छापखान्याच्या खडखडाटात सूर ऐकू येत नसे, म्हणून तो गिटारला हनुवटी टेकवून ऐकायचा. तार घातल्यावर असं ऐकल्याशिवाय त्याने कधी कुणाची गिटार परत दिली नाही. एक दिवस सोडून.

तो दिवस ऑगस्ट अठ्ठ्याण्णवमधला. माझ्या गिटारची तारा धरणारी घोडी उचलली होती. दुरुस्ती आणि नव्या तारा, दोन्ही त्याच्यावर सोपवून मी गेलो, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग होतं. संध्याकाळी घ्यायला गेलो तर तो दुकानात नव्हता. शेजारच्या कटपीसवाल्या सिंधी काकांनी गिटारची पेटी दिली आणि म्हणाले, "साईं, हिरामण अस्पताल गया, घरवाली को ले गए हैं." मी पेटी उचलली आणि घरी आलो. उघडून बघितलीसुद्धा नाही. हिरामणच्या हातची गिटार उघडून कोण बघतो?

स्टुडिओत उघडली. तारा चुकीच्या. बारा तारांच्या गिटारचं पाकीट असतं, त्यात जाड तारेबरोबर तिची बारीक जोडीदार तार येते. हिरामण जाड वेगळ्या आणि बारीक वेगळ्या पाकिटात ठेवायचा. त्या गडबडीत त्याच्या हाताला बारीक तारांचं पाकीट लागलं. माझ्या गिटारचा खर्ज गेला होता. आवाज खेळण्यासारखा. समोर चाळीस वाजवणारे बसलेले. मी बाहेर जाऊन कटपीसवाल्यांना फोन लावला, हिरामणला फोनवर बोलावून घेतलं आणि त्याला तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, "पुन्हा कुणाच्या गिटारला हात लावू नकोस. जा, शिलाई मशीन दुरुस्त कर."

तुझ्या पहिल्या पत्रात "कॅम्प दोन" आणि "शिलाई मशीन" वाचलं तेव्हाच हिरामण आठवला होता. म्हटलं, योगायोग असेल. हनुवटी वाचली आणि सुटका राहिली नाही.

आता पुढचं ऐक. फोन ठेवून आत आलो. जेवणाची सुट्टी झाली होती. त्या तारांवर काय जमतं का बघावं म्हणून कोपऱ्यात एकटा वाजवत बसलो. काचेमागून संगीतकारांनी ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "ये क्या बजा रहे हो? कुलूपवाल्या सीनला मला हेच पाहिजे." त्या जागी सारंगी ठरली होती. एका टेकमध्ये झालं. आज तुझे पंचवीस गिटारवाले ज्यावर भांडतात, तो माझा प्रयोग नाही. ती हिरामणची चूक आहे. सव्वीस वर्षं मी त्या आवाजाची शाबासकी खाल्ली.

मग जाऊन सांगितलं का नाही, असं विचारशील. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. मग काम वाढलं. मग मुलाखतीत तोंडातून "प्रयोग" निघून गेलं आणि दार बंद झालं. दहा वर्षं रोज दोनदा उल्हासनगर स्टेशनवरून गेलो, एकदा उतरलो नाही. यादीतली सातवी जागा मी साधेपणाने सोडली नव्हती. तिथे माझं नाव लिहिण्याची हिंमत झाली नाही आणि त्याचं लिहिण्याचीही झाली नाही.

तुझा जन्म त्या ऑगस्टमधला आहे का, ते मी विचारणार होतो. पण बहुतेक मला माहीत आहे.

हे पत्र वडिलांना दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मला पुन्हा लिहायचं की नाही, तेही.

हरिचंद्र


अंबरनाथ पूर्व
२ मार्च २०२५

काका,

जन्म १२ ऑगस्ट १९९८.

पहिले चार दिवस मला तुमचा खूप राग आला. खरं सांगते. तुम्हाला मी माझ्या बाबांबद्दल विचारत होते, आणि तुम्हाला उत्तर माहीत होतं. सहा वर्षं मला वाटत होतं की मी वाईट वाजवते म्हणून बाबा उठून जातात.

पाचव्या दिवशी मी पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते दुकानातून येऊन चहा घेत होते. "शिलाई मशीन दुरुस्त कर" इथे आईने मला हाताने थांबवलं, बाबा म्हणाले, "वाच." सगळं वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "म्हणजे त्यांनी ते मुद्दाम ठेवलं?"

काका, तुम्हाला वाटत असेल बाबांना काहीच माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. पहिल्यांदा टीव्हीवर तो सिनेमा लागला तेव्हा त्यांनी पहिल्या सुराला आपल्या तारा ओळखल्या. त्यांना वाटलं, तुमच्याकडे दुसरी गिटार नव्हती, म्हणून नाइलाजाने तुम्ही तसंच वाजवलंत, आणि आता अख्खा देश आपली चूक ऐकतोय. म्हणून ते टीव्ही बंद करायचे. "हरीभाऊंचं काम मी बिघडवलं," हेच धरून बसले होते ते. माझ्या गिटारच्या पहिल्या सुराबरोबर त्यांना तेच आठवायचं.

मग मी मोबाईल काढला आणि त्यांना त्या पंचवीस लोकांचं म्हणणं एकेक करून वाचून दाखवलं. चार गिटार बदलणाऱ्या नाशिकच्या माणसाचं सुद्धा. बाबा म्हणाले, "येडे आहेत काय हे लोक?" मग जरा वेळाने म्हणाले, "त्याला सांग, जाड तारांच्या जागी बारीक तारा घालायच्यात. गिटार बदलून काय होणार?" आणि मग माझे बाबा रडले, काका. आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला डोळ्यांनी सांगितलं, आत जा.

माझा राग गेला असं म्हणवत नाही. पण तुम्ही लिहिलंत म्हणून आमच्या घरातली एक गोष्ट सव्वीस वर्षांनी मिटली. लिहिलं नसतं तर कुणाला कळलं असतं? तुमच्या यादीतलं छत्रीवालं मला मिळालं हे एक, आणि हे दुसरं. दोन्हींसाठी मी तुमची ऋणी आहे.

सोबत बाबांची चिठ्ठी जोडायची होती, पण ते म्हणाले, माझं वेगळं पाठवीन. त्यांना लिहायला आठवडा लागेल. रोज एक ओळ चाललीय.

तेजस्वी


उल्हासनगर, कॅम्प २
९ मार्च २०२५

हरीभाऊ,

नमस्कार. मला लिहायची सवय नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. मी पावतीपण कटपीसवाल्या काकांकडून लिहून घ्यायचो.

तुमचं पत्र पोरीने वाचलं. तुम्ही त्या दिवशी फोनवर बोललात, त्यात चूक माझी होती. हनुवटी न टेकवता मी कधीच कुणाची पेटी बंद केली नव्हती. त्या दिवशी केली. दवाखान्यातून निरोप आला आणि मला काही सुचेना.

एक गोष्ट मी घरात कुणाला सांगितली नाही. तुमचा फोन आला तेव्हा माझ्या हातात बर्फीचा पुडा होता. मुलगी झाली म्हणून बाजारात वाटत होतो. काकांनी हाक मारली, बदलापूरवाल्यांचा फोन, तर मला वाटलं तुम्हाला कुणीतरी बातमी सांगितली. मी रिसीव्हर उचलला तो हसतच. तुम्हाला सांगायचं होतं की मुलगी झाली. ते राहिलं. आता सांगतो. हरीभाऊ, मला मुलगी झाली. बरी वाजवते.

शिलाई मशीन मी तुमच्यावर रुसून धरली नाही. हातच धजेना. पण धंदा चांगला आहे, घर झालं, पोर शिकली. तेव्हा तुमच्या बोलण्याने वाईट झालं असं मनात ठेवू नका.

पोरीला कार्यक्रमात कुलूपवालं वाजवायचं आहे. तारा मी घालतो म्हणालो. बारीक पाकीट शोधायला काल मुंबईला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, आता या तारा तशाच तयार मिळतात, खास त्या आवाजासाठी. मला जरा हसू आलं.

तुम्ही २९ तारखेला या. ऐकू येत नाही म्हणून घरी बसू नका. नस शाबूत आहे असं डॉक्टर म्हणतात ना? मग कानाचं काय घेऊन बसलात? दात शिल्लक आहेत का तेवढं कळवा. नसले तरी चालेल, हनुवटी पुरते.

तुमच्या वाटणीची बर्फी राहिली आहे.

हिरामण


मांजर्ली
२ एप्रिल २०२५

प्रिय हिरामण,

त्या दिवशीचं सगळं तोंडाने बोललोच आहे आपण, म्हणजे मी बोललो आणि तू पाटीवर लिहिलंस. तरी हे पत्र लिहितोय. बोलून झाल्यावर पुष्कळ गोष्टी उरल्या.

सभागृहात तुझी पोर वाजवत होती तेव्हा मला तिचे हात दिसत होते, आवाज नव्हता. म्हणून मी तुझ्याकडे बघत बसलो. तू खुर्चीच्या कडेला येऊन बसला होतास. एकदा वाटलं, हा आता पान आणायला उठणार. तू उठला नाहीस. तिने शेवटचा सूर सोडला आणि आधी तुझ्या खुर्चीकडे बघितलं, मग लोकांकडे. मला ऐकू आलं नाही, पण ते वाजवणं चांगलं झालं होतं हे मी तिच्या तोंडावर वाचलं.

मग लोक गेल्यावर तू तिच्या हातून गिटार घेतलीस आणि माझ्या हनुवटीखाली धरलीस. "छेड गं," असं तुझे ओठ म्हणाले. हिरामण, मी बहात्तर वर्षांचा आहे. माझ्या आयुष्यात मला खूप दिलं गेलं, आणि मी दर वेळी ते माझंच असल्यासारखं घेतलं. त्या क्षणाला मात्र मला कळत होतं की हे मला कुणीतरी देतंय. आधी जबड्यात बारीक थरथर आली, मग कवटीत सूर उमटला. स्वच्छ, जसा त्या दुपारी कोपऱ्यात बसून ऐकला होता तसाच. तुझ्या तारा. जनी म्हणते मी लहान पोरासारखा रडलो. तिला सांगितलं, बर्फी घशात अडकली.

संगीत मंडळाला कळवलंय. पाडव्याच्या अंकात दुरुस्ती छापून आली, कात्रण सोबत आहे. वाचायला पोरीला सांग. "सातवं: कुलूपवालं. गिटार हरिचंद्र भोईर, तारा हिरामण दळवी." संपादक म्हणाले, तारा घालणाऱ्याचं नाव कुणी छापत नाही. मी म्हटलं, माहीत आहे, तीच तर चूक आहे.

तेजस्वीला सांग, यादीतलं नोटिसवालं चांगल्या प्रिंटमध्ये मिळालं तर मला लिहून कळवायचं. आणि कल्पेशला म्हणावं, शांत बसायची तब्येत सांभाळ.

आता कामाचं. माळ्यावरून गिटार खाली काढली आहे. तीच, तुझ्या हातची घोडी अजून बसलेली आहे, पण तारा नाहीत. शनिवारी घेऊन येतो, उल्हासनगरला उतरून. या वेळी पाकीट बघून घाल असं लिहिणार होतो. मग वाटलं, नको. तुझ्या हाताला लागेल ते घाल.

तुझा,
हरी